वाळवंटात बुडालेलं लिंबू

“बुडून मेलंय गं हे,” आई म्हणाली.

तिच्या हातात लिंबाचं रोप होतं, नुकतंच उपटलेलं. उपटायला जोरही लागला नव्हता. तिने बुंध्याशी धरून जरा हलवलं आणि ते सरळ वर आलं, कधी रुजलंच नव्हतं असं. मुळं काळपट तपकिरी झाली होती. आईने एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता पांढरट दोरा उरला. मग वास आला. तुंबलेल्या गटाराचा असतो तसा, अंगावर येणारा. मी आजूबाजूला पाहिलं. कुंपणापलीकडे वाळवंट पसरलेलं होतं. खडे, काटेरी झुडपं आणि दुपारच्या उन्हात थरथरणारी हवा. वर्षाला दोनशे मिलिमीटरदेखील पाऊस न होणारा तो मुलूख. इथे झाड तहानेने मरतं, हे मला समजत होतं. पण बुडून?

हे वाक्य पुढे कित्येक दिवस माझा पिच्छा सोडेना, कारण पाणी मीच घालत होते. रोप लावून दोन महिने झाल्यावर शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, अशी जाळीदार पानं. मला वाटलं ऊन सोसत नसेल, पाणी कमी पडत असेल. सकाळी एक बादली घालत होते, ती संध्याकाळीही घालायला लागले. आळ्यात पाणी टिकून राहायचं आणि ते पाहून मला बरं वाटायचं. वाळवंटात पाणी टिकतंय, याहून चांगलं काय असणार! पानं आणखी पिवळी झाली, मी आणखी पाणी घातलं. किती मायेने घालत होते ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

खरं तर खड्डा खणला तेव्हाच मला कळायला हवं होतं. वरची वीतभर माती फावड्याने अशी सहज निघाली की कौतुक वाटलं. कोरडी, फिकट, वाळूमिश्रित, बोटांतून सांडणारी. त्याखाली ती जरा घट्ट झाली आणि तिच्यात पांढरे ठिपके दिसायला लागले, पीठ सांडल्यासारखे. आणि कोपरभर खोलीवर कुदळ एकदम उसळली. आवाज झाला तो मातीचा नव्हताच. खण्ण असा, आणि दांड्यातून झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत. मोठा धोंडा लागला असेल, त्याची कड सापडेल, म्हणून डावीकडे खणलं, उजवीकडे खणलं, पार हातभर पुढे जाऊन खणलं. कड आलीच नाही. हाताने माती झाडली तर खाली एक सपाट, मळकट पांढरी फरशी होती. तिच्यात लहानमोठे गोटे रुतून बसलेले, काँक्रीटमध्ये खडी बसते तसे. कुणीतरी जुना ओटा मातीखाली गाडून टाकला असावा, असंच मी धरून चालले. दोन तास पहार चालवली तेव्हा ओंजळभर ढलप्या निघाल्या. शेवटी हात टेकले. एवढ्याशा रोपाला कोपरभर खड्डा पुष्कळ झाला, अशी मनाची समजूत घातली, विकत आणलेली काळी, भुसभुशीत खतमाती त्यात भरली आणि लिंबू लावलं.

झाड मी एका दगडी टबात लावलं होतं.

ज्या मातीत मी वाढले तिने असा दगा कधी दिला नव्हता. आमच्या परसातली माती काही फार कसदार होती असं नाही, साधीच होती. पण खणत गेलं की ती हळूहळू बदलायची. वर काळसर, मग तांबूस, मग मुरमाड, आणि या सगळ्या पायऱ्या मुळांनी आधीच उतरून ठेवलेल्या असायच्या. कुठेही खणलं तरी तुटलेली बारीक मुळं दिसायची, एखादं गांडूळ अंग चोरून आत शिरायचं. काही लावायचं असलं की आई आधी मूठभर माती घ्यायची, मूठ दाबायची आणि उघडायची. मातीचा गोळाच झाला नाही, तर कोरडी. गोळा हाताला चिकटून बसला, तर ओल जास्त, थांबायचं. गोळा झाला आणि अंगठ्याने जरासा दाबताच फुटला, तर वाफसा. वाफसा हा शब्द मी इतक्या लहानपणापासून ऐकत आले की त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. जमीन ओली आहे पण चिंब नाही, मुळांना पाणीही मिळतंय आणि हवाही, ती घडी म्हणजे वाफसा. त्यातलं पाणी मला नेहमी दिसत आलं. हवा मात्र कधी ध्यानातच आली नाही.

चांगल्या मातीचं घमेलं आपण उचलतो, तेव्हा त्यातली जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते. हे मी नंतर शिकले आणि अजूनही घमेलं उचलताना मनात येतं. ढोबळ हिशेब असा, की शंभरातले पंचेचाळीस भाग दगडाचा चुरा, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती. चार-पाच भाग कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे आणि जिवांचे. उरलेले पन्नास भाग पोकळी. वाफशाला त्या पोकळीत साधारण निम्मं पाणी असतं आणि निम्मी हवा. मातीच्या कणांची स्वतःची घनता घनसेंटिमीटरला २.६५ ग्रॅमच्या आसपास असते, पण भुसभुशीत जमिनीची घनता १.३ च्या आसपास भरते. मधला फरक म्हणजे ही पोकळी, आणि झाड राहतं ते तिच्यात. मुळं श्वास घेतात. त्यांना लागणारा ऑक्सिजन याच फटींतून वरून खाली झिरपत येतो. फटी पाण्याने भरल्या आणि भरलेल्याच राहिल्या की हवेची वाट बुजते. मुळं गुदमरायला लागतात, आणि पाण्यातून पोहत येणारे कुजवे जीव त्यांचा ताबा घेतात. आईने “बुडून” म्हटलं ते अगदी शब्दशः खरं होतं. माझ्या पायाखालच्या त्या फरशीत फटीच नव्हत्या. वरून घातलेलं पाणी तिच्यावर जाऊन थांबत होतं, आणि पिवळी पानं पाहून मी पुन्हा बादली भरत होते.

मातीतली ही पोकळी आपोआप होत नाही, कुणीतरी ती सतत करत असतं. चार्ल्स डार्विनची एक गोष्ट मला इथे फार आठवते. १८४२ च्या डिसेंबरात त्याने आपल्या घराजवळच्या कुरणाच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरले आणि चक्क एकोणतीस वर्षं वाट पाहिली. १८७१ च्या नोव्हेंबरात तिथे चर खणला, तेव्हा पांढऱ्या खड्यांची एक रेघ जमिनीखाली सात इंचांवर सापडली. तुकडे कुणी पुरले नव्हते. गांडुळं खालची माती खाऊन वर विष्ठा टाकत राहिली आणि खडू आपल्या वजनाने हळूहळू खाली गेला. एकोणतीस वर्षं एका प्रयोगासाठी थांबणारा माणूस मला थोर वाटतोच, पण डोळ्यांपुढे राहते ती ती पांढरी रेघ. चुन्याची. माझ्या खड्ड्यातही मातीखाली चुन्याचीच पांढरी रेघ होती. डार्विनच्या कुरणात ती जिवंत जमिनीने काही वर्षांत गिळली होती. माझ्याकडे ती उलट्या बाजूने आली होती. तिला वरून कुणी पसरलं नव्हतं, ती मातीतच जमत गेली होती, आणि तिथे गिळायला गांडुळं नव्हती.

कशी जमते, ते समजायला मला एका गोट्याने मदत केली. त्या ढलप्यांबरोबर तो निघाला होता, अंड्याएवढा, करडा. धुऊन खिडकीत ठेवला. दोन-चार दिवसांनी सहज उलटा केला तर खालच्या बाजूला पांढरी साय. वरची बाजू अगदी स्वच्छ. मग ढलप्यांमधले बाकीचे सुटे गोटे धुतले. सगळे तसेच, सगळ्यांच्या पोटाला पांढरं आणि पाठीला काही नाही. याचं कारण इतकं साधं आहे की कळलं तेव्हा मी किती तरी वेळ तो गोटा हातात घेऊन बसले होते. वाळवंटात पाऊस पडतो तेव्हा पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. वाऱ्याने आणून टाकलेल्या धुळीतला चुना त्यात विरघळतो आणि पाणी तो घेऊन खाली निघतं. वाटेत गोटा लागला की त्याला वळसा घालून त्याच्या पोटाशी थेंब होऊन लटकतं. आणि तिथेच संपतं, कारण मागून पाणी येत नाही. ऊन आणि तहानलेली मुळं तो थेंब ओढून घेतात. पाणी जातं, चुना राहतो. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला पांढरी खर बसते तसा.

पुढच्या पावसाला आणखी एक पापुद्रा. असं किती काळ? लीलंड गाइल या मृदाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात वर्षानुवर्षं चर खणून या थरांच्या चढत्या पायऱ्या लावल्या आणि १९६६ मध्ये मांडल्या. खडकाळ जमिनीत आधी गोट्यांच्या पोटाला पातळ साय येते. मग गोट्यांमधल्या फटी चुन्याने भरत जातात. मग थर पुरता बुजतो आणि पाण्याला खाली जायला वाटच उरत नाही. आणि शेवटी त्या बुजलेल्या थरावर पाणी साचून साचून, पापुद्र्यावर पापुद्रा चढून, एक गुळगुळीत पट्टेदार टोपी तयार होते. इथवर यायला हजारो वर्षं लागतात, जुन्या थरांना लाखांच्या घरात. माझी पहार ज्यावर आपटत होती ती ही टोपी होती. कुणीतरी गाडलेला ओटा समजून मी तिच्यावर चिडत होते.

साध्या मातीतही पाऊस चुना विरघळवतोच. पण तिथे पाणी थांबत नाही. ते खाली भूजलात जातं, झऱ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, आणि चुनाही त्याच्याबरोबर निघून जातो. सगळा फरक इथे आहे. हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या मैदानांत कोरड्या पश्चिमेकडून ओल्या पूर्वेकडे मातीचे नमुने पाहत जाऊन दाखवून दिलं होतं, की जसजसा पाऊस वाढतो तसतसा चुन्याचा थर खोल खोल जातो. पश्चिमेला तो हाताशी असतो, पूर्वेला दिसेनासा होतो. हे वाचल्यापासून मला त्या पांढऱ्या फरशीकडे पूर्वीसारखं पाहता येईना. पूर येऊन ओसरला की भिंतीवर रेघ राहते, पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणारी. ही तशीच रेघ आहे, फक्त उलटी. पाऊस कुठवर उतरू शकला त्याची. हजारो वर्षांत पडलेला प्रत्येक अपुरा पाऊस साधारण तिथेच पोचला आणि जवळचं होतं ते तिथेच ठेवून संपला.

इतकी वर्षं, आणि कोपरभर.

या थराला नावं पुष्कळ आहेत. स्पॅनिशमधून आलेलं कलीचे हे नाव अमेरिकेतल्या वाळवंटांत चालतं, आणि त्याच्या मुळाशी चुन्यासाठीचा लॅटिन शब्द आहे. कॅलक्रीट हा शब्द लॅम्प्लू या भूवैज्ञानिकाने १९०२ मध्ये सुचवला, आणि मजा म्हणजे तो सुचला वाळवंटात नव्हे, डब्लिनजवळची चुन्याने सांधलेली खडी पाहून. आपल्याकडे चुनखडी म्हणतात, सुटे गाठे असले तर कंकर. पण वाळवंटाखालची प्रत्येक कडक फरशी चुन्याचीच असते असंही नाही. कुठे ती जिप्समची असते, कुठे सिलिकाने, म्हणजे वाळूतल्याच द्रव्याने, सांधलेली. ओळखायला आंबट काहीतरी हवं. मी घरातलं लिंबू कापलं आणि एका ढलपीवर पिळलं. क्षणभर काही नाही. मग रस बारीक बुडबुड्यांनी भरून आला आणि कान जवळ नेला तर सूं असा अगदी हळू आवाज. चुना होता. आम्लाने चुना फुटतो आणि त्यातला वायू सुटतो. सिलिकाची ढलपी असती तर गप्प बसली असती. त्या फेसाकडे पाहताना मनात आलं, की हा कार्बन कधीतरी एखाद्या झुडपाच्या मुळाने श्वासातून सोडला असेल, कुणी पाहायला नव्हतं अशा काळात. आज तो माझ्या स्वयंपाकघरातल्या हवेत मिसळत होता.

पिवळ्या पानांचंही तेव्हाच उलगडलं. चुन्याच्या जमिनीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप (pH), आठच्या वर जातो. अशा जमिनीत लोह असतं, पुष्कळ असतं, पण ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. त्यात पाणी साचलेलं असलं की दुखणं आणखी वाढतं. म्हणून कोवळ्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लिंबूवर्गातली झाडं याला फार लवकर बळी पडतात. म्हणजे माझं रोप मला सांगत होतं, महिनाभर सांगत होतं. मी दुसरंच काही ऐकत होते.

यानंतर माझ्या वाचनात बाल्डासारे फोरेस्तिएरे आला, आणि तो माझ्या इतका जवळचा झाला की त्याच्याविषयी सांगताना मला ओळखीच्या माणसाविषयी सांगितल्यासारखं वाटतं. सिसिलीचा माणूस, फळबागा करणाऱ्या घरातला. अमेरिकेत आला, पूर्व किनाऱ्यावर बोगदे खणायच्या कामावर राबला आणि मग लिंबू-संत्र्यांची बाग करायची म्हणून कॅलिफोर्नियात फ्रेस्नो इथे जमीन घेतली. खणायला गेला तर खाली कडक थर. तिथला थर चुन्याचा नव्हे, मुख्यतः सिलिका आणि लोहाने सांधलेला, पण झाडाला अडवण्यात कमी नाही. त्या काळी तिथले बागायतदार प्रत्येक झाडाच्या खड्ड्यात सुरुंग लावून तो थर फोडत. फोरेस्तिएरेने वेगळंच केलं. तो थराच्या खाली उतरला. १९०६ च्या सुमारास सुरुवात केली आणि १९४६ मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षं, कुदळ, फावडं आणि एकचाकी गाडी घेऊन खणत राहिला. जमिनीखाली खोल्या केल्या, वाटा केल्या, वर आभाळाला उघडे असलेले चौक केले. निघालेल्या कडक थराच्याच ढलप्या विटांसारख्या रचून कमानी उभारल्या. आणि चौकांत लिंबू-संत्री लावली. मुळं त्या थराच्या खालच्या मऊ मातीत, आणि शेंडे वर येऊन जमिनीच्या पातळीला उन्हाला टेकलेले. वाटेवरून जाणाऱ्याला फळं वाकून तोडता यावीत अशी झाडं. एका झाडावर त्याने सात तऱ्हांच्या लिंबूवर्गाची कलमं बांधली होती.

माझी पहिली प्रतिक्रिया हेव्याची होती. नंतर लाज वाटली. मी दोन तासांत हात टेकले होते.

पण थर म्हणजे फोडायची किंवा चुकवायची अडचण, एवढंच धरून बसावं तर ‘थर’ याच नावाचं वाळवंट आडवं येतं. पश्चिम राजस्थानात काही पट्ट्यांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, थर आहे. खोलवरचं भूजल खारं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि त्या थरावर ओल होऊन अडकून राहतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. तिथे ‘कुंई’ खणतात. जेमतेम एका माणसाने बसावं एवढी अरुंद विहीर, थरापर्यंत उतरणारी. वाळूतली ओल थेंब थेंब तिच्यात पाझरते आणि सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं गोडं पाणी मिळतं. वरचं पावसाचं पाणी ते पालर, तळाचं ते पाताळ, आणि हे मधलं, ओलीतून मिळणारं, ते रेजाणी. पाण्याला असं तिसरं नाव द्यावंसं वाटलं त्या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. कुंई खणणाऱ्याची सगळी हुशारी थर न फोडण्यात असते. ज्याच्यावर माझं झाड बुडालं, तशाच थरावर तिथे गावं जगली. ॲरिझोनातलं कासा ग्रांदे हे प्राचीन घर पाहिलं तर त्याच्या भिंती याच चुनखडी मातीच्या आहेत, सुमारे १३५० सालच्या, अजून उभ्या. आणि तिथल्या ओढ्यांच्या काठी हा थर छज्ज्यासारखा पुढे आलेला असतो, त्याखाली वाळवंटी कासवं उन्हाळा काढतात.

आईला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “मग आता दुसरं लावायचं की नाही?”

मी म्हटलं, “आई, हा थर व्हायला कितीएक हजार वर्षं लागली असतील. एका लिंबासाठी तो फोडायचा?”

“सगळा कुठे फोडायचाय? हात जाईल एवढं भोक पुरे.” मग जरा थांबून, “नाही तर नको लावूस. पण मग पुन्हा असं अर्ध्या मनाने लावून मारू नकोस.”

तिच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. वाळवंटात लिंबू लावावं का, हाही प्रश्न आहेच. तिथलीच झाडं घ्या, त्यांना काही सांगावं लागत नाही. मेस्कीट या काटेरी वाळवंटी झाडाचं मूळ तर ॲरिझोनात टूसॉनजवळच्या एका खाणीत त्रेपन्न मीटर खोल सापडलं होतं, त्याने वाट काढलीच असेल कुठून तरी. पण त्या अंगणात मला लिंबू हवं होतं. का हवं होतं, ते मी आईला सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

जुन्याच खड्ड्यातली काळी खतमाती आम्ही उपसून काढली. अजून वास येत होता. तळाची फरशी उघडी केली, त्यावर पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवलं, कारण भिजला की हा थर थोडा तरी मऊ पडतो. सकाळी पाणी जिथल्या तिथे होतं. काडीने केलेली खूण तसूभरही खाली गेली नव्हती. म्हणजे इतके दिवस मी जे आळ्यात “टिकतंय” म्हणून खूश होत होते, ते हे. पाणी उपसलं आणि मी पहार धरली. आई काठावर बसून सांगत होती, “एकाच जागी मार. इकडेतिकडे नको.” खूप वेळ नुसती धूळ. मग ढलप्या. टोपीचे पापुद्रे सुटायला लागले, फिकट आणि गडद पट्ट्यांचे, खोडाच्या वलयांसारखे दिसणारे. एक पापुद्रा मी नखाने सोलून पाहिला. किती पावसांचा होता कोण जाणे. तो मी बाजूला ठेवला. हाताला फोड आले, फुटले. ऊन चढलं, आम्ही आत गेलो, संध्याकाळी पुन्हा आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. हातभर खोल गेल्यावर पहारीचा आवाज बदलला. खण्णचा ठक्क झाला, ठक्कचा धप्प. आणि एका घावाला पहार एकदम आत गेली, मी तोल जाऊन गुडघ्यावर आले.

आम्ही बादली आणून ओतली. पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, तळाशी गुळगुळ आवाज झाला आणि ते जायला लागलं. मी काडीकडे बघत होते, पण काडीची गरजच नव्हती. निचरा होताना पाण्याचा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही दुसरी बादली ओतली, तिसरी ओतली. मग तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खड्ड्यात पालथी झाली आणि तिने हात त्या भोकात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले, काही तरी चाचपडत होती. हात बाहेर आला तेव्हा मुठीत थराखालची माती होती. वाळूसारखी, तांबूस, गडद झालेली. तिने मूठ दाबली आणि उघडली. गोळा झाला होता. अंगठा टेकवला तसा तो फुटला.

“वाफसा आहे,” ती म्हणाली, आणि हात माझ्यापुढे धरला.